लोकसंगीत खरंच मातीतलं आहे का, हे कसं ओळखायचं

मागे नाशकात एका कार्यक्रमाला गेलो होतो, बॅनरवर ‘पारंपरिक आदिवासी संगीत’ लिहिलेलं आणि तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याचा आवाज निघत होता कीबोर्डमधून. खूप वाईट वाटलं, कारण खरा तारपा इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर आजही वाजतो. म्हणून हे लिहितोय.

तर आधी वाद्य कशाचं बनलंय ते बघा, गाणं नंतर. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, त्यात बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणाने बुजवलेले आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. सगळं परसातलं नाहीतर रानातलं. दोन भोपळे कधी सारखे नसतात, त्यामुळे दोन तारपे एका सुरात लागतीलच असं नाही, हार्मोनियमशी जुळत नाही म्हणून त्याला बेसूर म्हणू नका प्लीज. नाशिक जिल्ह्यातच सुरगाण्याकडे पावरी दिसेल, तीही तारप्यासारखी फुंकूनच वाजते, पण तिला पुढे बैलाचं शिंग असतं. वाजवणाऱ्याचे गाल बघत बसा, गालात हवा धरून तो नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटतच नाही.

कोकणा आदिवासींचं थाळगान मिळालं तर अजिबात सोडू नका. थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा, त्यात एक काडी उभी, कथा सांगणारा ती काडी बोटांनी वरून खाली ओढत राहतो आणि अख्खी थाळी घुमते. एवढंच साहित्य, आणि त्यावर रात्रभर कथा चालते!

मग विचारा, हे बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर गावातलंच निघालं तर मुळं अजून जिवंत आहेत. ढोलाला कातड्याऐवजी फायबरचं पान दिसलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, पावसात कातडं ढिलं पडतं, हलगीवाले ती जाळावर शेकून घेतात, मिरवणुकीत ते दरवेळी कुठून जमणार. आवाज मात्र बदलतो, तेवढं कानात ठेवा.

वेळ पण बघून जा. तारप्याचा सीझन भात तयार झाल्यावरचा, त्या दिवसांत पेठ, हरसूलकडे जा. तारप्याभोवती रिंगणात नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत, तुम्हीही मध्ये घुसू नका. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, वाजवणाऱ्यासोबत वाद्य बनवणाऱ्याचंही नाव लिहून घ्या, पुष्कळदा माणूस एकच असतो, आणि फोन रिंगणाबाहेर धरा म्हणजे पायांचा ठेका पण येतो.