गंगेकाठच्या गल्लीचा इतिहास कसा लिहावा

जुन्या नाशकात गोदावरीला ‘गंगा’च म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पाणी आलंय’ ही रोजची बोली. या काठावरच्या एखाद्या गल्लीचा इतिहास लिहायला घेतला की हात आपोआप रामायणाकडे वळतो, तिथून गुलशनाबादकडे (नाशिकचे मोगलकालीन नाव), तिथून पेशवाईकडे. तो शहराचा इतिहास झाला आणि तो लिहून झालेला आहे. गल्लीचा लिहायचा असेल तर घर हे एकक धरा. माणसे येतात-जातात, भाडेकरू बदलतात, आडनावेही बदलतात. दगडी जोते, म्हणजे घर ज्यावर उभे असते तो चौथरा, मात्र जागेवर असते. जमवलेली प्रत्येक आठवण, प्रत्येक कागद आणि पुराची प्रत्येक खूण कोणत्या ना कोणत्या जोत्याशी बांधता आली पाहिजे. जी बांधता येत नाही ती वेगळ्या वहीत ठेवा.

आवाका लहान ठेवा. तीस ते चाळीस घरे पुरेत. घाटाच्या पायऱ्यांपासून वरच्या चौकापर्यंतची एक गल्ली दोन-तीन जणांना एका वर्षात नीट हाताळता येते. अख्खी पंचवटी किंवा अख्खा सराफ बाजार घेतला तर नुसती यादी हाती लागते.

पहिले काम नकाशाचे. एक सेंटिमीटरला दोन मीटर असे प्रमाण घेतले तर ए-३ कागदावर सुमारे ८४ मीटर लांब आणि ५९ मीटर रुंद जागा बसते, म्हणजे बहुतेक गल्ल्या एका कागदात मावतात. तीस मीटरची टेप आणि दोन माणसे लागतात. सकाळी सहाच्या सुमारास मोजा, नंतर गाड्या लागतात आणि टेप सरळ धरता येत नाही. प्रत्येक घराला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या, घाटाकडून सुरुवात करून डावीकडे विषम आणि उजवीकडे सम. त्यापुढे सिटी सर्व्हे नंबर (नगर भूमापनातला त्या जागेचा क्रमांक) लिहा. घरपट्टीच्या क्रमांकावर विसंबू नका. ते काळाच्या ओघात बदलले आहेत आणि १९८२मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यानंतरचा कागद आधीच्या कागदाशी जुळवताना तिथेच घोळ होतो. वाडा पडून जागेची वाटणी झाली असेल तर १४-अ, १४-ब असे करा, पण मूळ १४ पुसू नका. पडलेल्या वाड्याची मोकळी जागा हेही घरच समजा.

आता पाणी. काठावरच्या वस्तीत पूर हा सगळ्यांचा सामाईक अनुभव असतो, आणि काळ नेमका ठरवायला त्याच्याएवढे चांगले साधन दुसरे नाही. गेल्या साठ वर्षांतले चार मोठे पूर पाया म्हणून घ्या: १० सप्टेंबर १९६९, १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९. वयस्कर माणसाला सन विचारू नका, सण विचारा. १९६९चा पूर पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. २००८चा पितृपक्षातला. २०१६चा दिव्याच्या अमावास्येचा, आणि २०१९चा नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा. ‘मोठा पूर’ या दोन शब्दांत लोक १९६९ आणि २००८ सर्रास एकत्र करतात. ‘तेव्हा बैल सजवायचे होते की श्राद्धाची गर्दी होती?’ एवढे विचारले की गुंता सुटतो. त्याच्या जोडीला ‘त्या वर्षी घरात पाळणा हलला होता का, लग्न होते का’ हेही विचारा.

पाण्याची उंची फुटांत विचारू नका, पायरीत विचारा. ‘ओट्याच्या कितव्या पायरीला लागले?’, ‘कोनाड्यातला दिवा विझला का?’, ‘जात्यावर चढले का?’ अशा प्रश्नांना माणसे जागेवर बोट ठेवून उत्तर देतात. त्या बोटाखाली खडूने रेघ मारा आणि जोत्यापासूनचे अंतर मोजा.

इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. ‘रस्त्यात गुडघाभर पाणी होते’ हे १९६९चे वाक्य आजच्या रस्त्यावर लावले जाते. दरम्यान रस्ता अनेकदा नव्याने झाला, डांबरावर डांबर चढले, मग काँक्रीट आले, आणि रस्ता वर आला. जुन्या ओट्याला पाच पायऱ्या होत्या आणि आता तीनच दिसत असतील तर दोन पायऱ्या रस्त्याखाली आहेत. एक पायरी सहा-सात इंचांची धरली तर फूटभराहून जास्त फरक पडतो. म्हणून माप नेहमी जोत्याच्या वरच्या कडेपासून घ्यायचे, रस्त्यापासून कधीच नाही. जलवाहिनीसाठी किंवा ड्रेनेजसाठी रस्ता खोदला जाईल त्या दिवशी कॅमेरा घेऊन हजर राहा. गाडलेल्या पायऱ्या तेव्हाच दिसतात.

वेगवेगळ्या घरांवरच्या खुणा एकाच पातळीत आहेत का हे पाहण्यासाठी गवंड्याची लेव्हल नळी वापरा. आठ ते दहा मिलिमीटरची पारदर्शक नळी, लांबी पंधरा मीटर, आत थोडा रंग टाकलेले पाणी. दोन्ही तोंडे शेजारी-शेजारी धरून पाणी समान उंचीला येते हे आधी पाहा. येत नसेल तर नळीत हवेचा बुडबुडा अडकला आहे. नळी झटकून तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर पुढचे प्रत्येक माप चुकेल. संपूर्ण गल्लीसाठी एकच पक्का संदर्भबिंदू ठेवा: देवळाची पायरी, विहिरीचा काठ, जे हलणार नाही ते. सगळे शहर पूर दुतोंड्या मारुतीवरून, म्हणजे रामकुंडाजवळच्या नदीपात्रातल्या मूर्तीवरून मोजते, आणि ते योग्यच आहे. पण ‘मारुतीच्या कमरेला’ पाणी म्हणजे तुमच्या गल्लीत किती, हे दोन वेगवेगळ्या पुरांच्या खुणांवरून स्वतः ताडून घ्यावे लागते. दर गल्लीचे उत्तर निराळे असते.

पाणी कोणत्या बाजूने आले हेही लिहा. ते दर वेळी घाटाकडूनच येते असे नाही. सराफ बाजार आणि दहीपुलाच्या भागात सरस्वती नाल्याचे पाणी तुंबून मागे येते, आणि कित्येक घरांत ते आधी मोरीतून वर येते. ‘पुढच्या दाराने आले की मोरीतून?’ हा प्रश्न प्रत्येक घरी विचारा. नदीचे पाणी मागे बारीक गाळ ठेवून जाते, गटाराचे काळा चिखल. पूर ओसरल्यावर काय उपसावे लागले हे बायकांना अचूक आठवते, कारण उपसले त्यांनीच.

कागदांकडे वळा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक (जागेच्या मालकीची नोंद) मागा, पण चालू पत्रकावर थांबू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या पत्रकातून आजची स्थिती कळते. घर कोणाकडून कोणाकडे गेले हे जुन्या फेरफार (मालकीबदलाच्या) नोंदींत आणि पहिल्या मोजणीच्या वेळच्या चौकशी नोंदवहीत असते. अर्जात सिटी सर्व्हे नंबर आणि ‘पहिल्या नोंदीपासून’ हे शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर शेवटचेच पान हातात पडते.

हे पत्रक मालकाचे नाव सांगते, राहणाऱ्याचे नाही. नाशिकच्या वाड्यांत एका मालकामागे सहा-आठ बिऱ्हाडे असणे सर्रास होते. तांबट, शिंपी, फुलवाले, पुजारी, घाटावर पथारी मांडणारे, यांतल्या पुष्कळांचे नाव जमिनीच्या कागदावर कधीच आले नाही. मालमत्ता पत्रकावरून लिहिलेला इतिहास म्हणजे गल्लीतल्या मोजक्या कुटुंबांचा इतिहास होतो, आणि या कामातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे. बिऱ्हाडे शोधायची तर घरपट्टीच्या नोंदीतला भोगवटादाराचा (प्रत्यक्ष राहणाऱ्याचा) रकाना पाहा, जुन्या मतदार याद्या पाहा (एका छताखालची प्रौढ माणसे तिथे एकत्र सापडतात), भाडेपावत्या आणि शिधापत्रिका मागा. जवळच्या शाळेचे जनरल रजिस्टर फार मोलाचे. त्यात जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख असते, म्हणजे कुटुंब केव्हा आले आणि केव्हा गेले ते कळते. त्यातली १ जून ही जन्मतारीख मात्र खरी धरू नका. ती प्रवेशाच्या सोयीसाठी घातलेली असू शकते. जातीचा रकाना कुटुंबाच्या परवानगीशिवाय छापू नका.

कागदांत बायका दिसत नाहीत. प्रत्येक घराच्या पानावर सुनेचे माहेर, माहेरचे नाव आणि लेकी कुठे दिल्या हे तीन रकाने आधीच आखून ठेवा. रिकामा रकाना दिसला की विचारायचे राहत नाही.

सन जुळवताना ही गणिते लागतात. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, जानेवारी ते गुढीपाडवा या काळात अधिक ७९. फसली (महसुली कागदांवरचा सन) अधिक ५९०, जानेवारीपासून मृगापर्यंत, म्हणजे जूनच्या सुरुवातीपर्यंत, ५९१. मोडी कागदांवरचा सुहूर सन अधिक ५९९, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. सुहूर सन आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत लिहिलेला असतो: ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७०, म्हणजे इसवी सन १७६९-७०. घरात मोडी कागद निघाला तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण पाठीमागेही शेरा असू शकतो. घडी जबरदस्तीने उलगडू नका आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका.

रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या वह्या हे नाशिकचे खरे वैभव. पण त्या यात्रेकरूंच्या वह्या आहेत, नाशिककरांच्या नव्हेत. बाहेरून येऊन गल्लीत स्थायिक झालेल्या कुटुंबाचे मूळ गाव तिथे सापडू शकते. विचारायला जाताना मूळ गाव, आडनाव, जात आणि आजोबा-पणजोबांची नावे एका चिठ्ठीवर लिहून न्या; नुसत्या आडनावावर काही हाती लागत नाही. पितृपक्षात जाऊ नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्या वह्या त्यांची खासगी मालमत्ता आणि उपजीविका आहे: स्वतःच्या कुटुंबाच्या पानापलीकडे फोटो काढू नये आणि दक्षिणा देऊन निघावे.

वर्तमानपत्रांसाठी १८४०मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आणि १९३८मध्ये सुरू झालेल्या ‘गांवकरी’च्या फायली ही पहिली ठिकाणे. पुराच्या तारखेचा अंक मागून उपयोग नाही, पुढच्या आठवड्याचे अंक चाळा. पहिल्या दिवशी पुलांची बातमी असते. गल्लीची नावे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मदतवाटपाच्या बातमीत येतात.

मुलाखत ओट्यावर घ्या, दुपारी चार ते सहा, चाळीस मिनिटांहून जास्त नको. दुसऱ्या खेपेला त्यांना हळूहळू गल्लीतून चालवत न्या. बसून जे आठवत नाही ते दारासमोर उभे राहिले की आठवते. फोन विमान मोडवर टाका, सुरुवातीला तारीख, नाव आणि घराचा क्रमांक मोठ्याने बोला. ‘पूर्वी कसे होते?’ असे विचारले तर ‘चांगले होते’ एवढेच मिळते. विचारा: धुणे कोणत्या पायरीवर धुवायचात? पिण्याचे पाणी कुठून? बुधवारच्या बाजारात तुमच्या दारासमोर कोण बसायचे? रात्री शेवटचे दार कोण लावायचे? बोलणे उतरवताना ‘गंगा’चे ‘गोदावरी’ करू नका.

गल्लीत किंवा जवळ रहाड, म्हणजे रंगपंचमीला रंगाचे पाणी भरून उड्या मारायचा जमिनीतला हौद, असेल तर तिला स्वतंत्र पान द्या. शनी चौक, तिवंधा अशा ठिकाणच्या या पेशवेकालीन रहाडी वर्षभर मातीखाली झाकलेल्या असतात आणि रंगपंचमीला उघडतात. पूजेचा मान कोणाकडे, झाकणाची लाकडे कोण काढते, रंग कोण करते, बुजवताना कोणाचा हात लागतो, ही कामांची वाटणी म्हणजे गल्लीतल्या घरांचे आपसातले नाते. खोली आणि रुंदी रहाड उघडी असतानाच मोजा.

काही आठवणी एकमेकींना काटतील. पंचवटीतल्या घरांत दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी २ मार्च १९३०ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची आठवण निघाली तर दाराच्या आतल्यांचे ऐकून थांबू नका. दाराबाहेर उभे राहिलेल्यांच्या घरीही जा, ती घरे तुमच्या नकाशाबाहेर असली तरी. दोन्ही म्हणणी शेजारी-शेजारी छापा, मध्यममार्ग काढून एक करू नका.

लिहिताना प्रत्येक विधानामागे एक अक्षर लावा: क म्हणजे कागद, त म्हणजे तोंडी, प म्हणजे आपण पाहिलेले. नुसता त असलेले विधान ‘अमुक घरच्यांच्या सांगण्यानुसार’ असेच जाईल. एका घराला एक पान. सगळ्यांना सारखा मजकूर मिळणार नाही आणि तो फुगवायचा नाही. कच्चा मसुदा मोठ्या अक्षरांत छापून त्या-त्या घरी पंधरा दिवस ठेवा, समासात पेन्सिलने दुरुस्त्या करायला सांगा. नाव गाळा म्हणाले तर नाव गाळा, घर ठेवा.

सध्या मात्र क्रम बदला आणि घाटाच्या पायऱ्या सर्वांत आधी उरका. सिंहस्थ कुंभमेळा आला की काठावर बांधकाम निघते. मागे कुंडांचे तळ काँक्रीटखाली गेले ते अशाच कामांत, आणि पुढचा सिंहस्थ २०२७चा आहे. प्रत्येक पायरीचा फोटो शेजारी मीटरपट्टी उभी धरून घ्या, दगडातली कोरीव अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात टिपा, पायऱ्या खालून वर मोजा आणि मोजताना पाण्याखाली किती होत्या हे तारखेसह लिहा.