सीसीयूत नवीन लागलात? हार्टच्या पेशंटच्या नर्सिंगबद्दल थोडं, इंदूरहून

जीएनएम नाहीतर बीएससी नर्सिंग करून सीसीयूत (कोरोनरी केअर युनिट, म्हणजे हार्टच्या पेशंटचं आयसीयू) पहिली पोस्टिंग लागली की बहुतेक मुलंमुली आधी मॉनिटरला घाबरतात आणि मग औषधांच्या नावांना. मी इंदूरात बरीच वर्षं कार्डियाकलाच आहे, नवीन येणाऱ्यांना तयार करायचं कामही आता माझ्याकडे असतं, तर जे त्यांना पहिल्या आठवड्यात सांगते तेच इथे लिहितेय. हार्टच्या पेशंटजवळ नर्सचं मुख्य काम म्हणजे बदल पकडणं. आणि आधी काय होतं हे तुम्ही स्वतः पाहिलेलं नसेल तर बदल कळणारच नाही.

कोरोनरी केअर युनिट सुरू झाली तीच मुळी या कामासाठी. त्याआधी अटॅकचे पेशंट जनरल वॉर्डात कुठेही असायचे, रिदम बिघडला तर डॉक्टर धावत येईपर्यंत उशीर झालेला असायचा. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि नर्स रोझ पिनियो यांनी नर्सेसना रिदम ओळखायला आणि गरज पडली तर स्वतः शॉक द्यायला शिकवलं, कारण चोवीस तास पेशंटजवळ असते ती नर्सच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण तिथे फक्त डॉक्टरांच्या ऑर्डरी पूर्ण करायला उभे नाही.

तर ड्युटी घेताना ओव्हर (आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती) बेडजवळ जाऊनच घ्या, काउंटरवर उभं राहून नाही. आधीच्या सिस्टरसोबत पेशंटकडे बघा, दुखणं दहापैकी किती आहे ते त्यालाच विचारा, शेवटचा ईसीजी हातात घेऊन आत्ताच्या मॉनिटरशी जुळवा, हेपरिन (रक्त गोठू न देणारं) आणि नायट्रोच्या (नसा सैल करणारं) ड्रिपचा रेट पंपावर वाचा (कागदावर एक आणि पंपावर दुसराच असं होतं), जांघेतून प्रोसिजर झाली असेल तर पायाच्या पल्स बोटाने शोधून पेनने खूण करा, लघवी किती झाली, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती आहे हे बघा. अलार्मची लिमिट त्या पेशंटप्रमाणे सेट करा. बीटा ब्लॉकरवर (पल्स कमी करणारी गोळी) असलेल्या माणसाची पल्स ५८ असेल आणि अलार्म ६० वर लावलेला असेल तर तो दिवसभर वाजणार, मग कोणीतरी कंटाळून म्यूट करणार आणि खरंच काही झालं तेव्हा कोणाला कळणार नाही.

ईसीजीचं सांगते. छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं की १० मिनिटांच्या आत ईसीजी निघून डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर गेला पाहिजे, नाव नोंदवणं, फाइल बनवणं नंतर. छातीवरचे लीड व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगडीखालच्या जागेत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना. नवीन लोक हे दोन बहुतेक वेळा वर लावतात, आणि मग खोटेच बदल दिसतात. हाडावरचा उंचवटा बोटाने शोधा, तिथे दुसरी बरगडी लागते, तिथून खाली मोजत या. बायकांमध्ये व्ही४ पासून पुढचे लीड स्तनाच्या खाली लावायचे, संकोच नको, पडदा ओढा, सांगून करा. लीडच्या जागेवर स्किन मार्करने खूण ठेवली की पुढचा ईसीजी तिथूनच निघतो आणि दोघांची तुलना खरी होते. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये (हृदयाचा खालचा भाग दाखवणारे) ईसीजीची एसटी रेघ वर उचललेली दिसली तर व्ही४आर (व्ही४ लीड छातीच्या उजव्या बाजूला लावून) कोणी सांगायच्या आधीच काढून ठेवा. उजव्या व्हेंट्रिकलला (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) मार असेल तर सॉर्बिट्रेटने (जिभेखालची नायट्रेटची गोळी) बीपी धाडकन पडतं, म्हणून ते आधी माहीत हवं.

आता पेशंट काय सांगतो ते. पुस्तकात लिहिलंय तसं छातीवर हात दाबून डाव्या हातात कळ जाते असं सांगणारे भेटतात, पण आपल्याकडे धार, झाबुआ, खरगोन, देवासकडून येणारे कितीतरी जण म्हणतात गैस चढ़ गई, जी घबरा रहा है. घरी सोडा पिऊन, ओवा खाऊन, रात्र काढून आलेले असतात. शुगरवाल्या बायकांमध्ये तर दुखणं नसतंच कधीकधी, नुसता दम आणि घाम. रामबागेतल्या एक आजी होत्या, छातीत काही नाही गं, जबडा नुसता आखडलाय आणि पाठ भरल्यासारखी वाटतेय असं म्हणत होत्या, आणि ईसीजीत सगळं स्पष्ट दिसत होतं. त्यामुळे छातीत दुखतंय का एवढंच विचारून थांबू नका. जिना चढताना होतं का, थांबलं की कमी होतं का, घाम आला का, जबडा, खांदा, पाठ, पोटाचा वरचा भाग कसा आहे, हे सगळं विचारा, आणि पेशंट ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत. मराठी माणूस असेल तर मराठीत विचारा, घाबरलेल्या माणसाला घरची भाषा ऐकून जे लपवलेलं असतं तेही सांगावंसं वाटतं.

औषधांबद्दल थोडक्यात. अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावा, गिळायला नाही. सॉर्बिट्रेटच्या आधी बीपी, वरचं ९० च्या खाली असेल तर द्यायची नाही, डॉक्टरांना सांगा. पुरुष पेशंटला सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली होती का हे नातेवाइकांना बाजूला करून हळूच विचारा, सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली असेल तर नायट्रेट देत नाहीत. बायको आणि सासरे समोर उभे असताना कोणी खरं सांगत नाही. ऑक्सिजन सगळ्यांना लावायची जुनी सवय अजून दिसते, सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं तर गरज, ९६ असलेल्याला नाही.

लहान ठिकाणांहून बरेच पेशंट गुठळी विरघळवायचं इंजेक्शन घेऊनच आपल्याकडे येतात, काहींना आपल्याकडे द्यावं लागतं. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत ड्रिपने जातं आणि त्यात बीपी पडतं, तेव्हा बाजूला उभे रहा, दुसरं काम काढू नका. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकदाच बोलसने (पूर्ण डोस एका दमात शिरेत), म्हणून वजन अंदाजाने लिहू नका. सुया टोचायच्या असतील त्या आधीच टोचून घ्या, नंतर मांसात इंजेक्शन अजिबात नाही. मग ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी, एसटी निम्म्याहून जास्त खाली आली का, दुखणं उतरलं का. मधेच मॉनिटरवर रुंद बीट्सची ओळ येते, रेट ११० च्या आत, पेशंट शांत असतो, बहुतेक वेळा ती नस उघडल्याची खूण असते आणि आपोआप जाते, तरी डॉक्टरांना कळवायचंच. डोकं दुखतंय, उलटी झाली, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

अँजिओप्लास्टी झालेल्यात मी नवीन मुलींना एक फरक पाठ करायला लावते. जांघेतली शीथ (प्रोसिजरसाठी नसेत घातलेली नळी) काढताना बीपी पडलं आणि पल्सही पडली, घाम आला, तर ते बहुतेक वेगल आहे (वेगस नर्व्हमुळे येणारी भोवळ), पाय वर, फ्लुइड, अ‍ॅट्रोपिन (पल्स वाढवणारं इंजेक्शन) हाताशी. पण बीपी पडलं आणि पल्स वाढत चालली, पेशंट कंबर दुखतेय म्हणतोय, तर पोटामागे रक्त जात असेल, जांघ वरून एकदम स्वच्छ दिसली तरीही. कंबर तर पडून राहून दुखतच असणार असं म्हणून इथे वेळ जातो. मनगटातून केलेल्यांना हे टळतं, तिथे मनगटावर दाब देणाऱ्या बँडची हवा प्रोटोकॉलप्रमाणे थोडी थोडी सोडायची आणि बोटं गरम आहेत ना ते बघायचं. आणि स्टेंट घातल्यावर पुन्हा छातीत दुखलं तर आधी ईसीजी, पेनकिलर नाही.

एक गोष्ट कोणी बोलत नाही, संडासची. लाजेने पेशंट मागत नाही, मग जोर करतो आणि तिथेच रिदम बिघडतो. रोज सकाळी स्वतःहून विचारा, पातळ करायचं औषध लिहून घ्या, परवानगी असेल तर बेडपॅनपेक्षा बाजूला कमोड चेअर बरी.

डिस्चार्जच्या वेळी इंदूरवाल्यांना तळलेलं बंद एवढं सांगून काही होत नाही. सकाळी पोहे-जलेबी, प्रत्येक गोष्टीवर सेव, हे इथलं जेवण आहे. मी सांगते पोहे घरचे, कमी तेलाचे, सेव नको कारण तेलाबरोबर मीठही आहे, शुगर असेल तर जलेबी पूर्ण बंद. तंबाखू, गुटखा, बिडीबद्दल मात्र अजिबात सूट देऊ नका. आपल्या मराठी घरांत अजून एक अडचण असते उपासाची, चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, काहीजण त्या दिवशी गोळ्याच घेत नाहीत. अटॅकनंतर स्टेंट बसलेल्यांना रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या साधारण १२ महिने असतात, त्या उपासाला, दात काढायला, लग्नाला, कशासाठीही मनाने बंद करायच्या नाहीत, स्टेंट बंद पडू शकतो, हे आजींना, काकूंना आणि डबा आणणाऱ्या सुनेलाही सांगा. मग त्यांच्याकडूनच परत बोलून घ्या. सॉर्बिट्रेट कुठे ठेवणार? बसून जिभेखाली ठेवायची, ५ मिनिटांत आराम नाही पडला तर १०८ लावायचा, स्वतः स्कूटर काढून निघायचं नाही.

पुढे यातच राहायचं असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कार्डिओथोरॅसिक नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, सरकारीत जायचं तर एम्सच्या नॉरसेटची (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) तयारी नोकरी करता करता होते, नाइटनंतर झोप पूर्ण करून मगच पुस्तक उघडा. बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) लगेच करून टाका, एसीएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड कार्डियाक लाइफ सपोर्ट) थोडे रिदम ओळखता यायला लागल्यावर, दोन्हींची कार्डं २ वर्षं चालतात. आणि डिफिब्रिलेटर (शॉक देण्याचं मशीन) प्रत्येक ड्युटीला स्वतः टेस्ट करा, चार्जिंगला लावलाय का, जेल आहे का, पेपर आहे का, आणि सिंकचं बटण (शॉक ठोक्याशी जुळवून देणारं) बंद आहे का ते खास बघा, कारण व्हीएफमध्ये (हृदय नुसतं थरथरतं तो रिदम) सिंक चालू राहिलं तर मशीन आर वेव्ह (ठोक्याचं उंच टोक) शोधत बसतं आणि शॉक सुटतच नाही.