गाण्याची पहिली अर्धी ओळ कुठे जात होती?

माझ्या प्लेलिस्टमध्ये सीडीवरून घेतलेली ४४.१ किलोहर्ट्झची गाणी आणि ४८ व ९६ किलोहर्ट्झच्या फाइली यांची खिचडी आहे. (हा आकडा म्हणजे सॅम्पल रेट: सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने, तो दर.) मधूनच एखाद्या गाण्याचा पहिला शब्दच गायब व्हायचा, आधी डॅकमधून (फाइलमधले आकडे ऐकू येणाऱ्या आवाजाच्या सिग्नलमध्ये बदलणारं उपकरण) बारीक 'टिक' असा आवाज यायचा. यूएसबी केबल बदलली, पोर्ट बदलला. फरक शून्य.

मग डॅकच्या छोट्या पडद्याकडे नीट पाहिलं. ४४.१ नंतर ४४.१ आलं तर सगळं सुरळीत. दर बदलला की गडबड. कारण ४४.१ आणि ८८.२ चं घराणं वेगळं, ४८ आणि ९६ चं वेगळं. बऱ्याच डॅकमध्ये त्यांसाठी नमुन्यांना ताल देणारी दोन वेगळी स्फटिक-घड्याळं असतात: २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झची. दर बदलताना चालू प्रवाह थांबतो, घड्याळ बदलतं, ते स्थिरावेपर्यंत डॅक आवाज म्यूट करतो. प्लेअर मात्र तोवर गाणं सुरू करून मोकळा! (म्यूट होतो हे बरंच म्हणायचं, ४४.१ ची फाइल ४८ च्या घड्याळावर तशीच वाजली तर गाणं जवळपास ९ टक्के वेगाने, चढ्या पट्टीत पळेल.)

आधी सगळं ४८ वर रिसॅम्पल करून, म्हणजे त्या एकाच दरात बदलून पाहिलं. त्रास थांबला, आणि खरं सांगायचं तर कानाला फरकही कळला नाही. पण फाइल जशी आहे तशी वाजावी हा माझा हट्ट. शेवटी प्लेअरच्या सेटिंगमध्ये दर बदलताना आधी शांतता सोडायचा पर्याय सापडला. ५०० मिलिसेकंदांवर शब्द अजून किंचित कापला जायचा, १००० वर पूर्ण आला.