दोरी ओढण्यापूर्वी: जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरची पावसाळ्याआधीची तयारी

बडोद्यात होडीची मोटर बहुतेकांना आठवते ती विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरल्यावर. २०१९ च्या जुलैअखेरीस ते शिरले होते आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस पुन्हा शिरले. या दोन पुरांच्या मधल्या काळात आमच्या मंडळाची दोन सिलिंडरची जुनी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची, मोटर दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या पडवीत पोत्याखाली पडून होती. दुसऱ्या वेळी घाईघाईने बाहेर काढून आम्ही तिची दोरी ओढली, ती विसाव्या झटक्याला सुरू झाली आणि दहा मिनिटांत तापून जाम झाली. थंड पाणी वर चढवणारा रबरी पंखा सुकून कडक झाला होता, आणि ते कोणी पाहिले नव्हते. गेल्या वर्षी दुसरी जुनी मोटर मिळाली, तिच्यासाठी केलेली तयारी येथे क्रमाने लिहीत आहे. या क्रमात दोरी ओढणे सर्वांत शेवटी येते, आणि माझा सारा आग्रह त्याच एका गोष्टीसाठी आहे.

काम गुढीपाडव्याच्या सुमारास हाती घ्यावे, कारण आउटबोर्डचे सुटे भाग आपल्या शहरात सहज मिळत नाहीत. वेरावळसारख्या मासेमारीच्या बंदरातून किंवा मुंबईहून ते मागवावे लागतात आणि त्यात काही आठवडे जातात. भाग मागवण्यापूर्वी मोटरच्या पकडीवर बसवलेल्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक उतरवून घ्यावेत. नुसत्या ‘पंधरा अश्वशक्तीची मोटर’ एवढ्या वर्णनावर मागवलेला भाग बहुधा चुकीचा येतो. ऑइल सील मात्र गावातच मिळू शकते, कारण सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांना माल पुरवणारी बेअरिंगची दुकाने त्या आकड्यांवरून जुळणारे सील काढून देतात.

मोटर भक्कम लाकडी घोडीवर उभी बसवावी, स्पार्क प्लगच्या केबल्स काढाव्यात आणि मगच प्लग उघडावेत. प्लगची बैठक ॲल्युमिनियमच्या आट्यांची असते, त्यामुळे प्लग अडला तर भेदक तेल टाकून रात्रभर थांबावे, पान्याला पाइप लावून जोर करू नये. प्लग निघाल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे १० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल सोडून मोटर एक दिवस तशीच ठेवावी. याचे कारण टू-स्ट्रोकच्या रचनेत आहे. चार-स्ट्रोक इंजिनाप्रमाणे हिच्या तळाशी तेलाचा साठा नसतो, पेट्रोलबरोबर मिसळलेले तेल क्रँककेसमधून जाताना बेअरिंगना आणि सिलिंडरच्या भिंतींना वंगण देते, आणि मोटर वर्षानुवर्षे बंद राहिली की तो पातळ थर सुकून जातो. अशा कोरड्या भिंतीवरून गंजलेली पिस्टनची रिंग ओढली गेली की चरे पडतात आणि दाब कायमचा कमी होतो.

दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील हाताने, वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, सावकाश फिरवावे. उलट दिशेने फिरवल्यास पाण्याच्या पंपातील रबरी पात्या मुडपतात. फ्लायव्हील हलत नसेल तर डिझेल आणि स्वयंचलित गिअरचे तेल सम प्रमाणात मिसळून सिलिंडरमध्ये सोडावे, रोज अर्धा इंच तरी हलते का हे पाहावे आणि आठवडाभर वाट पाहण्याची तयारी ठेवावी. हातोडा मारू नये. फ्लायव्हील मोकळे झाले की दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब नोंदवावा. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो, पण दोन सिलिंडरमधला फरक सुमारे दहा टक्क्यांहून जास्त असेल तर पुढे खर्च करण्यापूर्वी रिंग आणि हेडचे पॅकिंग पाहून घ्यावे.

पाण्याचा पंप मी न तपासताच बदलतो. त्यासाठी खालचा गिअरचा भाग उतरवावा लागतो: गिअर बदलण्याचा दांडा सोडवून चार ते सहा बोल्ट काढले की तो अलगद खाली येतो. नवा रबरी पंखा बसवताना त्याला साबणाचे पाणी लावावे, आणि पंपाचे घर वरून खाली सरकवताना उभा दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत राहावे, म्हणजे पात्या योग्य दिशेला वळतात. खालचा भाग परत चढवण्याआधी दांड्याच्या दातांच्या बाजूंना पाण्यात न धुतले जाणारे ग्रीस लावावे, पण दांड्याच्या वरच्या टोकाच्या सपाट भागावर ते लावू नये. तेथे साठलेले ग्रीस दाबले जाऊन दांडा पुरता वर बसत नाही. ही बाब मला उशिरा कळली.

त्याच वेळी होडी ढकलणारा बाहेरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढून त्यामागचा दांडा पाहावा. बडोदेकरांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. उत्तरायणानंतर तलावांत आणि नदीच्या काठाला मांज्याचे गुंते महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि नायलॉनचा मांजा दांड्याभोवती गुंडाळला की सीलच्या ओठाखाली शिरून ते कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र पाणी शिरत राहते. मांज्याचा एक-एक धागा चिमट्याने काढून सील बदलावे, दांड्याच्या खाचांना ग्रीस लावावे, आणि लहान मोटरमध्ये पंखा पकडणारी पिन असेल तर तिच्या दोन जादा प्रती हुडच्या आत चिकटवून ठेवाव्यात. ती पिन अडथळ्याला धडकल्यावर तुटावी अशीच केलेली असते, म्हणून तिच्या जागी खिळा घालू नये. खिळा तुटत नाही आणि मग गिअर तुटतात.

गिअरचे तेल बदलताना खालचा पेच आधी आणि वरचा नंतर उघडावा. तेल काळपट पण स्वच्छ असेल तर ठीक. दुधासारखे पांढुरके असेल तर पाणी शिरले आहे, आणि त्यात चमकणारे कण बोटाला टोचत असतील तर गिअर झिजत आहेत. नवे तेल नेहमी खालच्या भोकातून, वरून बुडबुडे न येता तेल वाहू लागेपर्यंत भरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. मग वरचा पेच आधी बंद करून खालची नळी काढावी आणि खालचा पेच चटकन लावावा. दोन्ही पेचांचे वायसर नवे असावेत.

इंधनाच्या बाबतीत जुन्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि पाणी फार झाले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्या, हाताने दाबायचा फुगा आणि इंधनपंपाचा पडदा त्यामुळे फुगतात किंवा विरतात, म्हणून हे तिन्ही भाग इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घ्यावेत. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढावे. कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारे बारीक भोकांचे तुकडे, काढावेत, साफ करणाऱ्या द्रवात भिजवून हवेने फुंकावेत, जेटच्या भोकात तार घालू नये, कारण भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण बदलते. फ्लोट, म्हणजे आतला तरंगणारा पोकळ भाग, हलवून त्यात द्रव शिरला नाही ना हे पाहावे आणि पॅकिंग नवे घालावे.

तेल मिसळण्याचे प्रमाण मोटरच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. पन्नासास एक म्हणजे प्रत्येक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, पंचवीसास एक म्हणजे ४० मिलिलिटर; हे मोजमाप सिरिंजने किंवा खुणा असलेल्या भांड्याने करावे, झाकणाने अंदाजे करू नये. तेल मात्र टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेलेच घ्यावे. आउटबोर्ड पाण्याने थंड होते, तिचे तेल राख न ठेवणारे बनवलेले असते, तर हवेने थंड होणाऱ्या मोटरसायकलीच्या टू-स्ट्रोक तेलातील घटक जळल्यावर पिस्टनवर राख ठेवतात आणि ती तापून अवेळी स्फोट घडवते. एकदा मोटरसायकलचे तेल घालून काम भागते खरे, परंतु पुरात माणसे बसलेल्या होडीवर मी तो धोका पत्करणार नाही.

ठिणगी पाहताना प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकवून धरावी आणि सिलिंडरचे तोंड कापडाने झाकावे, आसपास पेट्रोल नसावे. ठिणगी निळी व सणसणीत दिसली की पुरे. प्लग मात्र नवेच बसवावेत. फिरकीत गुंडाळलेली, मोटर सुरू करण्याची दोरी उसवली असेल तर बदलावी, पण तिची स्प्रिंग ताणलेली असते, ती उडून हाताला जबर जखम होऊ शकते, त्यामुळे हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

आता कुठे दोरीची वेळ येते. दोनशे लिटरचा पिंप अंगणात, उघड्यावर ठेवून पाणी पंख्यावरच्या सपाट पट्टीच्या बरेच वर येईल इतके भरावे. बंद पडवीत चाचणी घेऊ नये, धूर विषारी असतो. गिअर मध्यावर ठेवून, बंद करण्याची दोरी मनगटाला बांधून मोटर सुरू करावी आणि लगेच मागच्या छोट्या भोकाकडे पाहावे. अर्ध्या मिनिटाच्या आत तेथून पाण्याची धार आली नाही तर मोटर बंद करावी आणि पंपाकडे परत जावे. धार आली तर दहा मिनिटे मंद गतीने चालवून, प्लग बाहेर काढून त्यांचा रंग पाहावा: तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काळा तेलकट असेल तर मिश्रणात इंधन जास्त, पांढरा असेल तर मोटर कमी इंधनावर तापत आहे.

होडीवरची पहिली फेरी शांत तलावावर, परवानगी घेऊन करावी. विश्वामित्रीत चाचणी करू नये. तेथे मगरी आहेत आणि मोटर अडल्यास पंखा मोकळा करायला पाण्यात हात घालावा लागतो. परत आल्यावर इंधनाची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत मोटर चालू द्यावी, मग प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडून फ्लायव्हील दोनतीनदा हाताने फिरवावे आणि मोटर उभीच ठेवावी. शेवटी पकडीला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी, तिच्यावर चाचणीची तारीख, मिश्रणाचे प्रमाण आणि पंप बदलल्याचा महिना लिहावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात दिवसा किंवा रात्री मोटर उचलणाऱ्या माणसाला या तीन गोष्टी कोणालाही न विचारता कळतील.