माझा पहिला शोध लेझरने लावला होता

औषध आणि प्रकाश वापरून कर्करोगावर उपचार करण्याच्या विषयात आल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी एक ‘शोध’ लावला. प्रकाशाने जागं होणारं औषध, म्हणजे फोटोसेन्सिटायझर, कर्करोगाच्या पेशींत लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या आम्ल पिशव्यांमध्ये, ठिपक्याठिपक्यांनी बसलेलं दिसायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडेटिव्ह ताण दिला की थोड्याच वेळात ठिपके विरघळायचे आणि लाल रंग पेशीभर पसरायचा. सरांनी एकच विचारलं, “पेरॉक्साइड न घालता इतकेच फोटो काढलेस का?” काढले नव्हते. काढले, तर तिथेही रंग तसाच पसरला!

औषध पेरॉक्साइडने हललं नव्हतं, माझ्या लेझरने हललं होतं. पॉर्फिरिन जातीची औषधं ४०५ नॅनोमीटरला जोरात प्रकाश शोषतात, आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायला नेमका तोच लेझर दर तीस सेकंदांनी मारत होतो. थोडक्यात, बघता बघता उपचारच चालू होता. प्रकाश पडला की तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जहाल रूप, पेशीत जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकतो, त्यामुळे औषध जिथे बसलंय तिथलंच भाजतं. लायसोसोमचं आवरण फाटलं की औषध बाहेर पडतं आणि पुढचा प्रकाश नव्या ठिकाणी घाव घालतो. ऑस्लोच्या क्रिस्टियन बर्ग यांच्या गटाने १९९९ मध्ये जवळपास हीच फाटाफूट कामाला लावून, एरवी आत अडकून पडणारे मोठे रेणू पेशीरसात सोडण्याची पद्धत मांडली. मला जी चूक वाटली, तिची त्यांनी पद्धत केली.

दुसरा चकवा चमकेचा. लायसोसोममध्ये दाटीने बसलेले रेणू एकमेकांची चमक मारतात. बाहेर पडून सुटे झाले की तेवढंच औषध जास्त उजळ दिसतं. म्हणून चमक वाढली म्हणजे औषध वाढलं, असं लिहून मोकळं होऊ नका. लायसोसोम दाखवणारा रंग, लायसोट्रॅकर, तोही फसवतो: तो आम्लतेवर टिकतो, त्यामुळे लायसोसोम गळला की आधी तोच निघून जातो आणि आपण समजतो औषध हललं. शिवाय लाल लायसोट्रॅकर घेतलात तर त्याचा आणि पॉर्फिरिनचा रंग एकमेकांत मिसळतो, हिरवा घ्या. ऑक्सिडेटिव्ह ताण मोजायला सगळे वापरतात तो डीसीएफ डाय (ताण वाढला की चमकणारा रंग) प्रकाशात स्वतःच ऑक्सिडाइझ होतो. तो वेगळ्या डिशमध्ये घालावा, हे माझं मत.

डिश फॉइलमध्ये गुंडाळा, हुडचा दिवा बंद ठेवा. फक्त औषध, फक्त प्रकाश, फक्त पेरॉक्साइड आणि यांतलं काहीच नाही, अशा चार डिश पहिल्याच दिवशी लावा. कंटाळवाणं आहे, पण माझे तीन महिने वाचले असते.

पेरॉक्साइडचा खरा परिणाम मला शेवटी दिसला तो प्रत्येक वेळेसाठी नवी डिश घेऊन, प्रत्येकीचा एकच फोटो काढल्यावर. तो माझ्या ‘शोधा’पेक्षा बराच फिका होता.