स्काउट रायफल घ्यायचीय? आधी या चुका टाळा

मागच्या महिन्यात भाच्याचा फिनिक्सहून फोन आला, "मामा, एक छोटी बोल्ट अ‍ॅक्शन बघितलीय, स्काउट म्हणतात तिला, घेऊ का?" (बोल्ट म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढायची कळ, तशी रायफल) आणि त्याच आठवड्यात इकडे रेंजवर एका कॉलेजच्या पोराने मोबाइलवर जवळपास तसाच फोटो दाखवला, "काका, अशी आपल्याला मुंबईत मिळेल का?" दोघांना उत्तरं वेगळी दिली, पण चूक दोघांची एकच होती. रायफल आधी आवडली, आणि ती कशासाठी, कुठे चालवणार, कायद्यात बसते का, हे सगळं नंतर बघू म्हणून ठेवलेलं. मी पंधरा वर्षं .२२ (हा आकडा म्हणजे बोअर किंवा कॅलिबर, नळीच्या आतला व्यास इंचांत) मारतोय, गावी काकांकडे लायसनची .३१५ आहे, तिची साफसफाई बघतच मोठा झालो, त्यामुळे जे माहितीये ते सविस्तर लिहितोय.

"स्काउट म्हणजे छोटी रायफल" एवढंच समजणं

ही कल्पना जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाची. त्याने १९७६ मध्ये अ‍ॅरिझोनात गनसाइट नावाची ट्रेनिंग स्कूल काढली आणि १९८० च्या दशकात या रायफलचे निकष ठरवले. वजन साधारण ३ किलो, फार तर साडेतीन, लांबी एक मीटरच्या आत, कॅलिबर .३०८ विंचेस्टर, कमी पॉवरची दुर्बीण नेहमीच्या जागी नाही तर पुढे नळीवर, दुर्बीण गेली तर लोखंडी साइट (नळीवरची नेम धरायची खूण), आणि असा पट्टा की जो नेम धरताना हातालाही आधार देईल. एकट्या माणसाने दिवसभर पायी फिरताना सोबत ठेवायची आणि बहुतेक कामं भागवायची, हा उद्देश. नेमकेपणाची अपेक्षाही माफक होती, २०० यार्डावर तीन गोळ्या ४ इंचांत. स्टायर कंपनीने कूपरच्या सल्ल्याने १९९० च्या दशकाच्या शेवटी अशी रायफल काढली, दुसरं मॅगझिन दस्त्यातच बसतं आणि पुढच्या भागातून बायपॉड (दोन पायांचा आधार) उघडतो, मग २०११ मध्ये रुगर कंपनीने गनसाइट स्काउट आणली, १० गोळ्यांचं मॅगझिन आणि १६ इंचांच्या थोडी वर नळी.

आता स्वतःला विचारा, तुम्ही दिवसभर पायी फिरणार आहात का? भाच्याला विचारलं तर म्हणाला रेंजवर बाकावर बसून कागदावर मारणार. मग त्याला लांब आणि जड नळीची साधी रायफल जास्त आनंद देईल, कमी पैशात आणि कमी धक्क्यात.

बोअर न बघता स्वप्न बघणं

इकडच्या मंडळींनी हे नीट वाचा, कारण इथेच सगळं अडतं. आपल्या शस्त्र नियमांत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोअरच्या, किंवा ज्यात ही सर्व्हिस म्हणजे लष्करी काडतुसं बसून फुटू शकतात अशा बोल्ट अ‍ॅक्शन रायफली प्रतिबंधित वर्गात टाकल्यात. .३०८ च्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, ७.६२ नाटोचं काडतूस बसतं, म्हणजे स्काउटचं मूळ कॅलिबरच साध्या लायसनवर मिळण्यातलं नाही. वर आवाज किंवा ज्वाळ कमी करणारी अ‍ॅक्सेसरीसुद्धा त्याच वर्गात, आणि रुगरच्या नळीच्या तोंडाशी फ्लॅश सप्रेसर (ज्वाळ कमी करणारा भाग) कंपनीतूनच लागून येतो. शिवाय साध्या लायसनधारकाला परदेशातून नवी रायफल मागवता येत नाही, ती सवलत नामांकित नेमबाज आणि रायफल क्लबांसाठी आहे.

मग आपल्याकडे साध्या लायसनवर मोठ्या बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे मुख्यतः सरकारी कारखान्याची .३१५, नाहीतर .३०-०६. या .३१५ चाही इतिहास बघा, इंग्रजांना लष्कराचं .३०३ सामान्य लोकांच्या हातात नको होतं, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसावर बेतलेलं हे बोअर इथे चाललं, ते आजतागायत. तेव्हा "काय मिळेल" हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपासून कायदाच ठरवतोय.

लायसनचंही लक्षात घ्या, मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, कारण खरं आणि पटणारं लागतं, "आवडते म्हणून" हे कारण होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि लायसन पाच वर्षांचं झालंय. ज्याच्याकडे आधीच रिव्हॉल्वर आणि घराण्यातली बारा बोअर (छऱ्यांची बंदूक) आहे त्याची जागा संपली.

तिकडे राहतो म्हणजे सगळं चालतं असं वाटणं

भाच्याला ग्रीन कार्ड मिळालंय म्हणून तो निदान विचार तरी करू शकतो, पण त्याचा रूममेट एच-१बी वर आहे आणि त्याने गृहीतच धरलं होतं की दुकानात गेलं की मिळते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे, काही अपवाद आहेत आणि त्यातला नेहमीचा म्हणजे वैध हंटिंग लायसन. रेंजवर भाड्याने घेऊन दोन गोळ्या मारायलाही हाच नियम, मित्राने "घे रे मार" म्हणून हातात दिली तरी. आपली मुलं तिकडे वर्षानुवर्षं घाम गाळून उभी राहिलेली असतात, एका शनिवारच्या हौसेपायी ते सगळं पणाला लावू नका, अगदी कळकळीने सांगतो.

आखूड नळीची किंमत न मोजणं

गाडीतून काढायला, झुडपातून न्यायला आखूड नळी छान, पण फुकट काही मिळत नाही. .३०८ ला नळीच्या दर इंचामागे ढोबळमानाने २०-२५ फूट प्रति सेकंद वेग जातो, म्हणजे २४ इंचांवरून साडेसोळावर आलात की दीडशेच्या वर गेला. १०० मीटरवर कागदाला त्याचं काही नाही. खरा त्रास आवाजाचा आणि धक्क्याचा, हलकी रायफल तेवढीच ताकद खांद्यावर टाकते, आणि तोंडाशी होणारा स्फोट तुमच्या कानाच्या जवळ आलेला असतो. नवा माणूस पाच-सहा गोळ्यांतच डोळे मिटायला लागतो, घोडा दाबायच्या आधीच खांदा ताणतो, आणि मग म्हणतो रायफल नीट मारत नाही. असं होत असेल तर कोणाला तरी तुमच्या नकळत मधेच एखादं ड्रिल (न फुटणारं, सरावाचं) काडतूस भरायला सांगा, रिकाम्या घोड्यावर नळी खाली गेली तर दोष कुठे आहे ते लगेच दिसेल. इअर मफच्या आत इअर प्लगही घाला, दोन्ही.

आणि पातळ नळी लवकर तापते. पहिल्या तीन गोळ्या एकत्र आणि पुढच्या वर सरकत गेल्या तर स्क्रू फिरवत बसू नका, दहा मिनिटं थांबा.

इथेच आणखी एक, जी ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. गावाकडे कोणीतरी म्हणतो, आपली .३१५ आहेच, लेथवाल्याकडून नळी कापून घेऊ, झाली स्काउट. अजिबात नको! शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे लायसनशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे, आणि वाकडं कापलेलं तोंड गोळीला शेवटच्या क्षणी ढकलतं ते वेगळंच.

पुढे बसवलेली दुर्बीण सगळ्यांना जमते असं धरून चालणं

डोळ्यापासून वीतभर किंवा जास्तच लांब दुर्बीण, दोन्ही डोळे उघडे, नेम पटकन लागतो, वरून मॅगझिन भरायला जागा मोकळी. पण संध्याकाळी उजेड कमी झाला की चित्र अंधारतं, आणि सूर्य पाठीशी असला की काचेवर चमक येते. म्हणून आता बरेच जण १ ते ६ पट मोठं दाखवणारी नेहमीची दुर्बीण नाहीतर रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) लावतात. चष्मा असेल तर आधी कोणाचीतरी बघून घ्या, मगच पैसे घाला.

चालवणार कुठे, हे न ठरवणं

मुंबईत मोठ्या बोअरच्या रायफलीला जागाच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे रायफल नेमबाजी म्हणजे १० मीटर एअर आणि ५० मीटर .२२, स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनचंच. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद, शेतात रानडुक्कर घुसलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. त्या कॉलेजच्या पोराला मी सांगितलं, .१७७ आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घे, तिला शस्त्र लायसन लागत नाही, रोज शंभर पेलेट मार. श्वास, घोडा आणि फॉलो थ्रू (गोळी सुटल्यावरही नेम धरून राहणं) सगळं तिच्यावरच शिकतात, आणि हलकी रायफल उभ्याने स्थिर धरणं हे तर स्काउटवाल्याला सगळ्यात आधी लागतं.

पावसाळा विसरणं

हे .३१५ वाल्यांसाठी. जुलैत आमच्या काकांच्या रायफलीचा नेम डावीकडे जायचा आणि दिवाळीला परत जागेवर यायचा, आम्ही दोन वर्षं साइटलाच दोष देत होतो. दस्ता लाकडाचा, ओल धरून फुगत होता आणि एका बाजूने नळीला टेकत होता. ज्या रायफलीची नळी मोकळी तरंगती, म्हणजे दस्त्याला न टेकणारी असते तिच्याखालून वहीचा कागद सरकवून बघा, अडला की कारण तिथेच. कातडी कव्हरात किंवा फोमच्या पेटीत जून ते सप्टेंबर ठेवू नका, ओल आतच अडकते, मुंबईच्या हवेत आठवड्यात तांबेरा धरतो. तेलाचा पातळ हात, कपाटात सिलिका जेल, आणि दर पंधरा दिवसांनी पुसणं, बोल्ट बाहेर काढून. निवडणुकीत शस्त्र पोलिसांकडे जमा करावं लागलं तर देताना तेल लावून द्या आणि पावती जपा, परत आणलं की त्याच दिवशी उघडा.

भाच्याने शेवटी ओळखीच्या एकाची स्काउट घेऊन ४० गोळ्या मारल्या, खांदा निळा झाला, आणि सध्या तो .२२ ची बोल्ट अ‍ॅक्शन बघतोय. गणपतीला येतोय. त्याला मी परत परत बजावलंय की रेंजला नेलेली सॅक विमानात आणू नकोस, दुसरी घे, आणि तरी तिचेही सगळे कप्पे उलटे करून झटक, कारण तळाशी राहिलेलं एकच जिवंत काडतूस मुंबई एअरपोर्टवर सापडलं तर आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होते, आणि मग "चुकून राहिलं" हे सिद्ध करत कोर्टात फिरावं लागतं. निघायच्या आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर मला सॅक दाखवणार आहे तो.