वेचणीच्या हिशेबात ‘किलो’ फक्त मथळ्यात लिहा

कापूस वेचणीचा हिशेब लिब्रेऑफिस कॅल्क या संगणकावरच्या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मांडत असाल, तर रकान्यात ‘२२ किलो’ असं लिहू नका. नुसता आकडा टाका. ‘किलो’ वर मथळ्यात एकदाच. अक्षर जोडलं की कॅल्क त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत धरतच नाही, वर चूकही दाखवत नाही. मागच्या हंगामात आमच्याकडे एका बाईची दोन दिवसांची वेचणी अशीच सुटली. बाजाराच्या आदल्या दिवशी तिच्या हाती कमी चुकारा गेला, ते फार लागलं मनाला.

आता चुकारा करण्याआधी कंट्रोल धरून एफ८ दाबतो. आकडे निळे, सूत्रं हिरवी, मजकूर काळा दिसतो. वजनाच्या रकान्यात काळं काही दिसलं, की तेवढं वजन बेरजेबाहेर आहे.